सांधलेला निळा मणी

आमच्या कोम शहरात नळाला येतं ते पाणी खारट. चहाला चालत नाही, डाळीला चालत नाही आणि निळ्या मण्यांना तर मुळीच नाही. वाळलं की झिलईवर मिठाचा पांढरा थर बसतो. म्हणून लेकीच्या सासरी मी प्यायच्या गोड्या पाण्याचा कॅन भांड्यात उपडा केला, तेव्हा आमच्या विहीणबाई, एस्मत खानम, दारातूनच कडाडल्या.

"घ्या! आम्ही घोट घोट जपून पितोय आणि तूरान खानम मण्यांना आंघोळी घालतायत!"

"मणी तुमचेच आहेत. खारवून देऊ का परत?"

"नको गं बाई! तुझ्या बापाने जन्मभर मणी भाजले. तुझ्यापुढे मी काय बोलणार?"

बसता बसता त्यांनी चहाचा पेला बशीसकट उचलला आणि तो बशीवर किणकिणला. त्यांचे हात थरथरतात. सोयरीक ठरवायला आल्या होत्या तेव्हाही थरथरत होते. डॉक्टर झाले, औषधं झाली, गुण नाही. म्हणूनच ही माळ धुवायचं काम माझ्याकडे आलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या नातवाची चाळिसाव्या दिवसाची आंघोळ, आणि त्यानंतर माळ पाळण्याला बांधायची. माझा जावई बहराम ज्या पाळण्यात वाढला, त्यालाही हीच होती.

बहराम अंगणात गालिचा धूत होता. नवरोज, आमचा नववर्षाचा सण, तोंडावर आला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत, हातात झाडू. खिडकीतून मला हाक मारली, "सासूबाई, मणी झाले की मलाही एक हात मारा, पाळण्यात मीही होतो!"

"तुला घासायला काथ्या लागेल," मी म्हटलं. तो हसला. हसला की त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंतची केसाएवढी रेघ मुडपते. जन्मखूण आहे म्हणतात. माझी लेक शेकूफे त्याला चिडवते, लहानपणी मांजरीने ओरबाडलं असेल म्हणून.

मणी धुणं हे काही शास्त्र नाही, पण लोकांना तेवढंही जमत नाही. दोरा कापायचा. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडकं. भोकासाठी जुना मऊ ब्रश. व्हिनेगर नाही, राख नाही. मग टॉवेलवर सुटे सुटे ठेवायचे, कारण मणी मण्याला घासला की झिलई जाते. आणि शेवटी प्रत्येक मणी कानाशी धरून नखाने वाजवायचा. अख्खा मणी टणकन् बोलतो.

मधला मोठा मणी बोलला नाही. बद्द वाजला.

मी तो उजेडात धरला. कमरेभोवती तपकिरी पट्टा होता. तडकलेला दिसेना. दृष्ट काढायला एस्फंदच्या बियांची धुरी देतात, तिचं तेलकट किटण असणार, असं वाटलं. फडक्याने निघेना. पक्क्या मण्यात पाणी शिरत नाही, म्हणून मी तो कोमट पाण्यात टाकला आणि बाकीचे पुसत बसले.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे मणी तडकला की तो घरात ठेवत नाहीत. बाळावर येणारं त्याने स्वतःवर घेतलं असं धरतात, वाहत्या पाण्यात सोडतात आणि नवा ओवतात. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. भाजलेला दगडाचा भुगा तो, गार-गरम झालं की तडकणारच.

पाणी गढूळ झालं. तपकिरी तार सुटली आणि नाकात वास आला, उकडलेल्या खुरांचा. सुताराच्या दुकानात लाकडं चिकटवायच्या सरसाला येतो तो.

"विहीणबाई, या मण्याला सरस कोणी लावलाय?"

त्यांचा पेला बशीवर जोरजोरात वाजायला लागला.

"पाण्यातून काढ," त्या म्हणाल्या. "तूरान, काढ आधी!"

मी हात घातला. मणी माझ्या बोटांत उघडला. दोन अर्धुकं. आतला भाग पांढरा, खडीसाखरेसारखा रवाळ.

अंगणात झाडू पडला.

मग शेकूफेची किंकाळी. मी अर्धुकं मुठीत घेऊनच धावले. बहराम ओल्या गालिच्यावर बसला होता, डोळे उघडे, छाती हलत नव्हती. आणि त्याच्या गालावरची ती रेघ उघडली होती. रक्ताचा टिपूस नाही. आत पांढरं होतं. रवाळ.

देवा! मी पाहिलं ते पाहिलं.

मूठ आपोआप आवळली. अर्धुकं एकमेकांवर बसली.

बहरामने श्वास घेतला.

मी चिमटीत मणी धरला आणि दाब जरासा सैल केला. श्वास थांबला. पुन्हा दाबला. चालू झाला. तो प्रयोग मी परत केला नाही.

"गोंदाची नळी आण!" मी शेकूफेवर ओरडले. तिने आणली, लावली. ओल्या मण्यावर गोंद पांढरा पडून सुटला. तेवढ्यात एस्मत खानम स्वयंपाकघरातून गरम डबा घेऊन आल्या. नवऱ्याच्या सुतारकामाचा सरसाचा डबा त्यांनी एवढी वर्षं जपला होता. त्यांनीच सरस गरम केला होता, त्यांनीच तो कसाबसा फटीत भरला.

"हा ओल्यावरही धरतो," त्या म्हणाल्या. "पण वाळेपर्यंत हलता कामा नये. हलला तर गेला."

"तुम्ही हा पाण्यात का नाही सोडलात?"

"तेव्हा बहराम तान्हा. बाळ तापाने निपचित पडलं होतं. त्याच घटकेला मणी तडकला. मी नुसती अर्धुकं जुळवली, तर ते रडलं. मग कसा सोडू? त्या दिवसापासून माझे हात हे असे. तू सोडला असतास?"

मी चिमटी आणखी आवळली.

बहरामला आत आणून निजवलं. रेघ मिटली होती. शेकूफे बाळाला छातीशी धरून त्याच्या उशाशी बसली, नजर त्याच्या छातीवरून न काढता. मी समोर बसले, मनगट ताटलीच्या कडेला टेकवून, मणी चिमटीत. उन्हं उतरत होती. बोटं बधिर होत होती.

"मी धरू का?" एस्मत खानमनी विचारलं.

"तुमच्या हाताने? वेड लागलंय का?"

त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला, मला हात सोडवता येत नव्हता म्हणून पेला बशीसकट माझ्या ओठांशी आणला.

पेला वाजला नाही.

आम्ही दोघी त्याकडे बघत राहिलो. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता.

सरस अजून ओला होता. आणि माझ्या चिमटीतला मणी ताटलीच्या कडेवर हलकेच वाजायला लागला होता.