उलटा ठेवलेला डावा पाय

ही हकीकत खरी आहे. पिंपळ, अमावास्या आणि केस मोकळे सोडलेली बाई यांच्या अपेक्षेने जे वाचायला बसले असतील, त्यांनी खुशाल उठावे. इथे यांपैकी काहीही नाही.

रात्रसुद्धा नाही.

जे घडले ते गेल्या वर्षी सात ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता घडले. लख्ख ऊन होते.

ज्यांच्या हातून घडले ते ज्ञानेश्वर कारखानीस लंडनजवळ हॅरोमध्ये राहतात. तिथल्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. भुताखेतांविषयी त्यांचे मत विचारण्याची सोय नाही. विचारणाऱ्यालाच ते आधी 'पुरावा' या शब्दाची व्याख्या विचारतात.

ते इटलीला गेले ते मुलीसाठी. ईशिता एकुलती एक, हॅरोतच जन्मलेली. कायद्याची पदवी घेऊन ती त्या देशाच्या उत्तरेकडील एका लहानशा गावात बूट शिवायला शिकत होती. गाव लहान, पण तिथली बुटांची पेढी जगप्रसिद्ध. तिच्या एका जोडाच्या किमतीत हॅरोतले एक कुटुंब वर्षभर जेवेल. सहा महिन्यांची उमेदवारी संपली होती आणि आता तीन वर्षांचा करार व्हायचा होता. सही करण्याआधी बाबांनी येऊन सगळे पाहावे, ही तिची इच्छा. तिला समजावून घरी आणावे, ही त्यांची.

पेढीचे मुख्यालय पाहताच थाटामाटाविषयीचा त्यांचा तिरस्कार सुखावला. पांढऱ्या संगमरवराचे दालन. मधोमध काचेची पेटी, पेटीत एकच बूट, बुटावर दिव्याचा झोत. काळ्या कपड्यांतल्या बायका दबक्या आवाजात बोलत होत्या, जणू आत कोणी शेवटच्या घटका मोजत होते.

"बूट आहे की समाधी?" कारखानीसांनी विचारले.

"बाबा, प्लीज. इथे हळू बोलायची असते."

"असतं," ते म्हणाले. मुलीचे व्याकरण सुधारण्याची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती.

ईशिताने त्यांना वरच्या मजल्यावर नेले. ज्या खोलीचा तिला सर्वांत जास्त अभिमान होता, ती इथे होती. लांबलचक खोली, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर पाय.

हजारो लाकडी पाय.

बूट ज्यावर बेततात तो हा साचा. पेढीची रीत अशी, की प्रत्येक गिऱ्हाइकाचे आणि प्रत्येक कारागिराचेही पाय मापून असे कोरायचे आणि कायमचे जपायचे. खोलीचा रखवालदार ऐंशीच्या घरातला एक म्हातारा होता. त्याला इटालियनखेरीज काही येत नव्हते, म्हणून ईशिता मधे उभी राहून भाषांतर करत होती.

"आणि बाबा, हे माझे." तिने खांद्याएवढ्या उंचीच्या फळीकडे बोट दाखवले. "लास्ट वीकच झाले."

कोऱ्या लाकडाचा तो जोड इतका हुबेहूब तिचा होता, की कारखानीसांनी वाकून तो निरखला. मग त्यांची नजर शेजारी गेली.

शेजारी एक जुना, काळवंडलेला जोड होता. बाईचा असावा. आणि तो...

उलटा ठेवलेला होता. तळवे वर.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. दारात चप्पल उलटी पडली की घरात भांडण होते, असे कारखानीसांची आई म्हणायची. ते तिला आयुष्यभर हसले. पण लहानपणी तिच्या हातचे धपाटे खाऊन जडलेली सवय त्या हसण्याखाली शाबूत होती. ईशिता म्हाताऱ्याशी काही बोलत होती. कारखानीसांचा हात आपोआप वर गेला आणि त्याने डावा पाय सरळ केला.

उजव्यापर्यंत तो पोचलाच नाही. म्हाताऱ्याने मनगट धरले.

तो भराभर बोलू लागला. ईशिताचा चेहरा उतरला. माणूस मेला की त्याचे पाय उलटे करतात, तिने सांगितले. म्हणजे चालणे संपले. मग त्यांना कोणी हात लावत नाही.

"तो म्हणतो, ज्या हातानी सरळ केला त्याच हातानी परत उलटा करायचा. त्यानी स्वतः केलेला नाही चालत. बाबा, जस्ट डू इट."

एवढेच करायचे होते. दोन सेकंदांचे काम.

पण कारखानीसांना आता व्याख्यानाचा विषय सापडला होता. दिखाऊ श्रीमंतीला अंधश्रद्धेची फोडणी कशी लागते, यावर ते पाच मिनिटे बोलले. शेवटी म्हाताऱ्याने शांतपणे एकच प्रश्न विचारला. ईशिताने तो मराठीत आणला.

"तो विचारतो, काहीच मानत नाही तर मग सरळ का केला?"

"सवय," कारखानीस म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराचा त्यांना इतका राग आला, की ते पाठ फिरवून चालू लागले.

मागून ईशिता आली. संगमरवरी मार्गिकेत दोघांच्या पावलांचे आवाज घुमत होते. कारखानीसांचे कान अशा बाबतीत काटेकोर. काही अंतर गेल्यावर त्यांना जाणवले, की चार पावलांच्या आवाजात...

एक पाऊल जास्तीचे आहे.

टक्. मग काही नाही. टक्. मग काही नाही.

फक्त डावे.

प्रतिध्वनी, त्यांनी ठरवले. संगमरवराचा गुणधर्म. कराराच्या वादात मुलगी जिंकली. दुपारी तिने सही केली. ते एकटेच घरी परतले.

हॅरोच्या घरी आवाज सुरू झाला तो नोव्हेंबरात. सकाळी सव्वाअकराला, पत्नी आशाताई कामावर आणि घरात शुकशुकाट असताना, दारापासून चपलांच्या मांडणीपर्यंत कोणीतरी येई. टक्... टक्... मधे उजव्या पायाची जागा रिकामी. डावे पाऊल टेकताना किंचित घासत होते. ही चाल ओळखीची वाटे, पण कोणाची ते आठवत नसे.

आशाताईंनी आधी बॉयलरवर संशय घेतला, मग नवऱ्यावर. "एकतीस वर्षं मुलांना ध्वनी शिकवलात," त्या म्हणाल्या, "आणि आता स्वतःच जिन्याखाली कान लावून बसता."

डिसेंबरच्या वीस तारखेला ईशिता नाताळच्या सुटीवर आली. कारखानीस तिला घ्यायला स्टेशनवर गेले. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी निघून गेली, गर्दी पांगली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून ती एकटी चालत येताना दिसली. स्वतः शिवलेले बूट होते पायात. जाड टाचांचे.

टक्.

मग काही नाही.

टक्.

मग काही नाही.

तिचा उजवा पाय वाजत होता. डावा टेकत होता, उचलला जात होता, आणि त्याचा आवाज...

नव्हता.

लहानपणी सायकलवरून पडल्यापासून तिचा डावा पाय चालताना किंचित घासायचा. गेला दीड महिना घरात कोण चालत होते, ते कारखानीसांना त्या फलाटावर कळले.

"बाबा, काय ऐकताय?"

"काही नाही," ते म्हणाले. ते अक्षरशः खरे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी पेढीला पत्र पाठवले. खोलीत पाच मिनिटे येऊ द्यावे, एक वस्तू जागेवर ठेवायची आहे, एवढीच विनंती. आयुष्यात प्रथमच त्यांनी पत्रात कुठलाही मुद्दा सिद्ध केला नाही. उत्तर आठवड्याने आले, जाड कागदावर, सुगंधी. संग्रहाचे रखवालदार निवृत्त झाले असून खोली आता पाहुण्यांसाठी बंद आहे. संग्रहातील सर्व वस्तू यथास्थित आहेत. आपल्या आस्थेबद्दल आभार. सोबत भेट म्हणून बूट चढवायची एक शिंगाची पट्टी होती, तिच्यावर पेढीचे नाव सोन्यात कोरलेले.

ईशिताला त्यांनी सगळे सांगितले. काम सोड, म्हणून विनवले. ती हसली. "बाबा, तुम्ही? तुम्ही असं बोलताय?" त्यांचीच मुलगी ती. पुरावा काय, तिने विचारले. पाच जानेवारीला ती परत गेली. दारापासून फाटकापर्यंत तिचा एकच पाय वाजला.

तिच्या घरातल्या जुन्या चपला मांडणीत आहेत. रोज सव्वाअकराला पाऊल दारातून येते, मांडणीपाशी थांबते, आणि आवाज बंद होतो. मग कारखानीस जाऊन पाहतात. उजवी चप्पल सरळ असते.

डावी उलटी.

तळवा वर.

म्हाताऱ्याचे बोलणे त्यांना शब्दशः पाठ आहे. सरळ करावी तर मागच्या वेळी काय झाले ते समोर आहे. तशीच ठेवावी तर पाय उलटे कोणाचे करतात, तेही त्यांना माहीत आहे.

त्यांचा हात सवयीने पुढे जातो...

आणि तिथेच थांबतो.