सुयुनबायचं वजन

त्या दिवशीचं काम तसं रोजचंच होतं. नारीनकडच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाचा कृत्रिम पाय दोन महिन्यांत दोनदा मोडला होता. तो का मोडतो, ते मला शोधायचं होतं.

बिश्केकच्या एका पुनर्वसन केंद्रात मी माणसांची चाल मोजते. लांबट खोली, भिंतींवर आठ कॅमेरे, मधोमध दहा मीटरची वाट आणि त्या वाटेत जमिनीशी सपाट बसवलेली वजनाची पाटी. चालणाऱ्याच्या अंगावर जर्दाळूच्या बीएवढ्या चमकत्या गोळ्या चिकटवायच्या. माझ्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त त्या गोळ्या दिसतात. पडद्यावरच्या काळोखात पांढरे ठिपके चालत जातात, आणि ते बघून मी सांगते की गुडघा कुठं चुकतो, कंबर कुठं कलते. बाहेर बर्फावर ऊन असलं की त्या तिरिपीनं कॅमेरे फसतात, म्हणून भर दुपारीही खोलीचे काळे पडदे ओढलेले असतात.

"सत्तर किलोच्या माणसाचा पाय बनवलाय मी," गेन्नादी इल्यिच कुरकुरत आत आला. तीस वर्षं पाय बनवणारा आमचा म्हातारा कारागीर. "आणि हा पठ्ठ्या लादलेल्या गाढवासारखा मोडून आणतो. विचार त्याला, बुरुल, पोती वाहतो का म्हणून."

"तुम्ही नाही विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणतो. मेंढपाळ आणि काही उचलत नाही."

त्याच्या मागून सुयुनबाय आला. साठीचा, काटक, गप्प. ओल्या मेंढीच्या कातड्याचा आणि शेणाच्या धुराचा वास त्याच्याबरोबर आत आला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. दोन वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला त्यात गेला. बायकोही त्यातच गेली, असं कागदावर लिहिलेलं होतं. गुडघ्याखाली उरलेल्या खुंटाला पडलेली जखम भरत नव्हती. आणखी महिनाभर असंच चाललं तर डॉक्टर गुडघ्याच्या वरून कापणार होते. गुडघा गेला की डोंगरही गेला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दाराजवळच्या काट्यावर मी त्याला उभं केलं. एकाहत्तर किलो. गोळ्या चिकटवल्या. त्यातल्या तीन पाठीवर आणि दोन कमरेच्या मागं.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, बाइके. घरच्यासारखं." वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो.

तो चालू लागला. पुढं वाकलेला, दोन्ही हात पाठीमागं, बोटांत बोटं गुंतवलेली. पडद्यावर त्याचे ठिपके हलले आणि दुसऱ्याच पावलाला पाठीवरचे पाचही ठिपके विझले.

"हात मोकळे सोडा. मागच्या गोळ्या झाकल्या जातायत."

त्यानं हात सोडले, पण ते पुरते खाली आले नाहीत. कोपरं मागंच राहिली. पाठ उघडी होती, गोळ्या जागच्या जागी चमकत होत्या. मला माझ्या डोळ्यांनी दिसत होत्या. पडद्यावर मात्र तिथं काळोख. मागचे चारही कॅमेरे त्या जागी आंधळे झाले होते. गोळी आणि कॅमेरा यांच्यामध्ये काहीतरी आड आलं, तरच असं होतं.

तो थांबला, आणि थोड्या वेळानं ठिपके एकेक करून परत आले.

"पुन्हा," मी म्हणाले. "आणि पाटीवर पाय आला की तिथंच थांबा."

तो पाटीवर आला, थांबला. मी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. एकशे एकोणीस.

गेन्नादी इल्यिच माझ्या खांद्यावरून बघत होता. "बिघडलीय," तो हळूच म्हणाला. सुयुनबायला बाजूला करून तो स्वतः पाटीवर चढला. ब्याऐंशी. त्याचं वजन तेवढंच आहे. उतरल्यावर शून्य. सुयुनबाय पुन्हा चालत आला. एकशे एकोणीस.

"पाय का मोडतो ते कळलं," गेन्नादी इल्यिच म्हणाला. नेहमीची थट्टा त्याच्या आवाजात नव्हती. टोपी उचलून तो बाहेर गेला. सिगारेट ओढून येतो म्हणाला, तो आलाच नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. कॅमेऱ्यांची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

"किती दाखवतंय, पोरी?" सुयुनबायनं विचारलं.

"काट्यावर एकाहत्तर होतात. चालून आलात की अठ्ठेचाळीस किलो जास्त."

त्यानं खाली पाटीकडं पाहिलं. मग म्हणाला, "बेगायम तेवढीच होती. लोकरीच्या काट्यावर बसायची हौस तिला. दर शरदात. मी म्हणायचो, एवढ्याशा बाईची लोकर किती निघणार..."

मी खुर्ची पुढं केली, तो बसला नाही.

"ती घरात दबून मेली असं मी सगळ्यांना सांगितलं. मुलीलाही. तसं नाही झालं. मी तिला उकरून काढली. कंबर मोडली होती. पाठीवर घेतली आणि रस्त्याच्या दिशेनं निघालो. माझाही पाय चिरडलेला. अर्ध्या वाटेवर मला उमगलं, दोघं काही पोचत नाही." त्यानं ओठांवरून हात फिरवला. "शुद्धीत होती ती. म्हणाली, मला खाली ठेवू नकोस. सारखं तेवढंच म्हणत होती. मी तिला खडकाच्या आडोशाला ठेवलं, अंगावर माझा कोट घातला. माणसं घेऊन येतो म्हटलं."

"आणि?"

"माणसं पोचली तेव्हा कोट होता. नीट घडी घातलेला. ती नव्हती. बर्फ वितळला तेव्हाही नव्हती. मोडल्या कमरेची बाई, पोरी... कुठं जाईल?"

त्याच्या पायाच्या बांधणीतून रक्ताचा एक ओघळ बुटापर्यंत आला होता. त्याचा गुडघा त्या एका क्षणी मला इतका महत्त्वाचा वाटला, की पुढचं मी विचार न करता बोलले. आजही त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

"इथं उतरवा त्यांना, बाइके. इथं ऊब आहे. बर्फ नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "इथं कुणी असतं का?"

"मी असते. रोज."

"एकटी नाही ना राहायची ती?"

"नाही," मी म्हणाले.

तो पाटीवर गेला, वळला आणि खुंटाच्या कळा सोसत हळूहळू गुडघ्यांत वाकला. पाठीवरचं जड ओझं सांभाळून टेकवताना माणूस वाकतो तसा. मान वळवून काहीतरी पुटपुटला. बोटं सोडवली. मग उठला आणि त्या टोकापर्यंत चालत गेला. हात मोकळे हलत होते. पाठीवरचे पाचही ठिपके पडद्यावर लख्ख होते.

दारातून बाहेर पडताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मुलगी त्याला घेऊन त्याच संध्याकाळी गावी गेली. जखम तीन आठवड्यांत भरली. पाय पुन्हा मोडला नाही.

त्या दिवशी तो गेल्यावर मी टेबलाशी येऊन बसले. पाटी रिकामी होती आणि आकडा होता अठ्ठेचाळीस.

पाटी कधीकधी अडकते. त्याचीही खूण असते: पडद्यावर वजनाचा एक बिंदू दिसतो. पाटीवर दगड ठेवला तर तो बिंदू जागचा हलत नाही. जिवंत माणूस कितीही स्थिर उभा राहिला तरी तो थोडा डोलतो, बिंदू गोल गोल भटकतो. हा बिंदू भटकत होता. हळू, सारखा, श्वासाच्या लयीत.

मी शून्याचं बटण दाबलं. काट्यावर भांडं ठेवून दुकानदार करतो ना, तसं. आहे तेच शून्य धरायचं. आकडा शून्य झाला. बरं वाटलं. मी अहवाल लिहायला घेतला. चार-पाच ओळी लिहून झाल्या असतील. खिडक्यांचे काळे पडदे जरा हलल्यासारखे वाटले. खोलीत ताज्या बर्फाचा वास आला, कोरा, नाकाला झोंबणारा.

मी मान वर केली. आकडा उणे अठ्ठेचाळीस होता.

भांडं उचललं की काटा असंच दाखवतो.

पाटीपासून माझ्या टेबलापर्यंत चार पावलं आहेत. त्या चार पावलांत जमिनीखाली काहीही बसवलेलं नाही. मी हलले नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग माझे खांदे हळूहळू खाली वाकले... दिवसभराचा थकवा असावा, असं मी तेव्हा धरलं.

आजही मी तिथंच काम करते. दर सोमवारी पाटी तपासायला तिच्यावर कुणालातरी उभं करावं लागतं. गेन्नादी इल्यिच उभा राहतो. मला तो कधी चढ म्हणत नाही, आणि मीही त्या दिवसापासून पाटीवर पाय ठेवलेला नाही.