माकणीच्या बंदरावरची हाक

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

ज्यांच्यासोबत हे घडलं, ते श्रीशैलअण्णा माझे मावसभाऊ. मुरूमला राहतात. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या... फ्लेक्स आले आणि काम आटलं. बायको पुण्याला मुलाकडं, नातवंडं सांभाळायला. घरात अण्णा एकटेच. पण गप्पा रंगवून सांगणारा हा माणूस नाही. विचारलं तर बोलणार, नाहीतर गप्प.

हे सुद्धा त्यांनी मला दीड वर्षानं सांगितलं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. २०२३ चा मे महिना. ठिकाण, माकणीचं धरण.

धरणाच्या काठावर एका जागी मासेमारांच्या होड्या लागतात. आठ-दहा पत्र्याच्या होड्या, थर्माकोलचे तराफे, वजनाचा काटा, बर्फाच्या पेट्या आणि एक शेड. आपल्याकडं समुद्र कुठला? पण तिथले लोक त्या जागेला हौसेनं बंदरच म्हणतात.

त्या शेडच्या भिंतीवर बंदराचं चित्र काढायचं, असं काम अण्णांना मिळालं. होड्या, जाळी, पाणी, माणसं, सगळं जसंच्या तसं. चार दिवसांचं काम. मुक्काम जवळच्याच एका खोलीत.

पहिल्या दिवशी सकाळी अण्णा पोचले तेव्हा बंदर नुसतं गजबजलं होतं. होड्या लागत होत्या. कटला, रोहू, मरळ... क्रेट भरून निघत होते. अण्णा लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत नाही. त्या वासानं त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

काट्यापाशी बसलेली जगदेवी हसली. पन्नाशीची बाई. तिचा नवरा बंडप्पा तिथला सगळ्यात जुना होडीवाला.

"पेंटर, नाक झाकून मासा कसा काढताव हो तुमी?"

"डोळ्यानं काढतो बाई. नाकाचं काय काम?"

सगळे हसले. अण्णांना बरं वाटलं. लई दिवसांनी कुणी त्यांची चेष्टा केली होती.

पण दहा वाजता माशांचा टेम्पो निघून गेला. साडेअकरापर्यंत माणसं पांगली. बारा वाजता बंदरावर कुणीच नव्हतं.

अण्णा एकटे.

भिंतीकडं तोंड. पाठीला पाणी.

ऊन असं, की ब्रशमधला रंग भिंतीवर टेकायच्या आत वाळत होता. वारा नाही. पाखराचा आवाज नाही. पाणीसुद्धा काठाला लागताना आवाज करत नव्हतं.

दोनच्या सुमाराला...

"ओऽऽ... होडी आणाऽऽ..."

बाईचा आवाज. पलीकडच्या काठावरून.

अण्णांनी वळून पाहिलं. मध्ये पाऊण किलोमीटर पाणी. पलीकडं उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ, त्यात कुणीतरी लावलेले कलिंगडाचे वेल, बाभळीची वाळकी खोडं. माणूस दिसत नव्हतं.

असेल कुणीतरी वेलांच्या आड. तिला न्यायला तिच्या घरचा कुणी येईल. अण्णा परत भिंतीकडं वळले.

"होडी आणाऽऽ..."

दहा-बारा वेळा हाक आली. मग थांबली.

होडी कुणीच नेली नव्हती.

संध्याकाळी माणसं जाळी टाकायला आली. अण्णांनी सहज विचारलं, "दुपारी पलीकडून बाई हाका मारत होती. कोण हो ती?"

बंडप्पा होडीतलं पाणी उपसत होता. त्याचा हात क्षणभर थांबला... आणि पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तीच वेळ. तीच हाक.

या वेळी अण्णांनी ब्रश खाली ठेवला आणि काठावर जाऊन उभे राहिले. हाक स्पष्ट होती. आवाजात घाई होती. राग नव्हता, रडणं नव्हतं. उन्हात खूप वेळ वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा थकलेला आवाज.

पण पलीकडं कुणी नव्हतं.

त्या रात्री अण्णांनी पुण्याला फोन लावला. बायको म्हणाली, बाळाला झोपवतेय, उद्या बोलू. अण्णा मला म्हणाले, "झोप आली न्हाय बघ. डोक्यात एकच. तिला कुणी ओ का देत न्हाय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी हाक आली तेव्हा ते वाटच बघत होते.

"ओऽऽ... होडी आणाऽऽ..."

अण्णांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जोरात ओ दिली.

"ओऽऽ! आलोऽऽ!"

हाक तुटली.

मध्येच. जीभ चावल्यासारखी.

सगळीकडं शांत. अण्णांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग... अगदी हळू... कानाशी कुणी बोलावं इतक्या जवळून...

"कवा?"

अण्णा गर्रकन वळले. मागं शेड. अर्धी रंगलेली भिंत. रंगाचे डबे.

कुणी नव्हतं.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. अण्णा बराच वेळ काठावर बसून राहिले. मग उठले, भिंतीशी गेले आणि चित्रातल्या पलीकडच्या काठावर बोटाच्या पेराएवढी एक बाई काढली. तोंड नाही, काही नाही. नुसतं लाल लुगडं आणि वर केलेला हात. का काढली, विचारलं तर म्हणतात, "तिथं ती हुती. मग काढायला नको?"

चौथ्या दिवशी सकाळी लोक चित्र बघायला जमले. आपली होडी कुठली, आपलं जाळं कुठलं, हसणं-खिदळणं चाललं होतं. मग एकेक जण मागं सरकत गेला.

जगदेवी पुढं आली. तिनं त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"हाका मारणारी बाई."

"तुमी... ओ दिली का तिला?"

"दिली."

जगदेवीनं तोंडावर पदर धरला. "मग? काय बोलली का?"

"कवा, म्हणाली."

बंडप्पा मागं उभा होता. तो तिथंच, मातीत, मटकन खाली बसला.

मग जगदेवीनंच सांगितलं. सखूबाई, बंडप्पाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर लेकराला घेऊन यांच्याकडंच राहायची. पलीकडच्या गाळात कलिंगडं लावली होती तिनं. सकाळी बंडप्पा तिला सोडायचा, दुपारी दोनला आणायचा. सात वर्षांपूर्वी असाच मे महिना. दोन वाजता आभाळ फिरलं. असा वारा सुटला की बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळू लागल्या. पलीकडून सखूबाई हाका मारत होती.

"हे निघाले हुते," जगदेवी म्हणाली. "म्या हात धरला. म्हनलं, वारा पडू द्या. दोघं बुडाल तिथं. म्याच धरला, पेंटर... तिच्या हाका ऐकत मी यांचा हात धरून उभी हुते."

वारा पडला तेव्हा हाका थांबल्या होत्या. पलीकडं तिची पाटी होती, खुरपं होतं. सखूबाई नव्हती. पाण्यात तीन दिवस शोधलं. मिळाली नाही.

"तवापसून उन्हाळ्यात हाक येती. आमी कुनी ओ दिली न्हाय कधी. भ्यालो. दुपारी हितं कुनी थांबतच न्हाय."

बंडप्पा एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला. "आज जायचं."

"अवो..."

"कवा म्हणून इचारलंय तिनं. आज. दोनला." मग अण्णांकडं बघून म्हणाला, "तुमी पन चला. ओ तुमची हाय."

अण्णांना पोहता येत नाही. पण ते होडीत बसले.

दुपारी दोन वाजता होडी निघाली. बंडप्पा वल्ही मारत होता, अण्णा त्याच्यासमोर बसलेले. त्या दिवशी हाक आली नाही. वल्ह्याचा आवाज, बस. पाणी मधोमध काळं होतं.

होडी पलीकडं गाळाला टेकली. वेल सुकून गेले होते. गाळाला भेगा. कुणी नाही.

बंडप्पा काठाकडं न बघता बोलला. आवाज फुटत होता त्याचा.

"सखू... उशीर झाला गं. बस."

काही झालं नाही.

मग होडी खाली गेली.

हलली नाही, डोलली नाही. नुसती खाली बसली. होडीच्या कडेला हिरवा पट्टा होता. पेंटरची नजर, अण्णांनी निघतानाच पाहिलं होतं. पाण्याच्या वर चार बोटं पट्टा दिसत होता.

आता एक बोट उरला होता.

बंडप्पानं वल्ही उचलली. होडी जड झाली होती. घामानं त्याची बंडी भिजली. पण तो सगळी वाट बोलत होता. "तुझा राजू आता लातूरला कामाला हाय बघ. मोटारसायकल घेतली त्यानं. लगीन ठरलंय. पोरगी चांगली हाय, तुझ्यासारखी बडबडी..." बोलत होता आणि डोळ्यातलं पाणी दाढीवरून गळत होतं. अण्णांनी मान वर केली नाही. ते त्या एका बोटाएवढ्या पट्ट्याकडं बघत राहिले.

अलीकडं जगदेवी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा. होडी टेकली तसं तिनं काठावर पाणी ओतलं, भाकरी ओवाळून टाकली.

"या, सखूबाई. चुकलं माझं. घरी चला."

होडी वर उठली.

अलगद. कुणीतरी सावकाश उतरावं तशी.

जगदेवी ढसाढसा रडू लागली. बंडप्पानं वल्ही खाली टाकली आणि कपाळाला हात लावला. सुटलो, असं काहीतरी म्हणाला.

अण्णा पट्ट्याकडं बघत होते.

अडीच बोटं.

चार नाही. अडीच.

त्यांना वाटलं, आपली नजर चुकत असेल. त्यांनी बोट लावून मोजलं. अडीच.

आणि तेवढ्यात... होडी पुन्हा एकदा वर उठली.

या वेळी झटक्यानं. उडी मारून कुणी उतरावं तशी.

चार बोटं.

बंडप्पाचं रडणं थांबलं. त्यानंही ते ओळखलं होतं. चाळीस वर्षं होडी मारलेला माणूस तो. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. जगदेवी पदरात तोंड घालून रडत होती, तिला काही कळलं नव्हतं.

"पेंटर," बंडप्पा पुटपुटला, "तिला सांगू नगा."

अण्णांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चित्रातली पलीकडची बाई पुसली आणि अलीकडं, काट्यापाशी, जगदेवीच्या शेजारी बसवली. जगदेवीनं सखूबाईच्या लुगड्याचा रंग सांगितला. हिरवा. दुपार व्हायच्या आत अण्णा मुरूमला निघून आले.

त्यानंतर पलीकडून हाक आलेली नाही, असं जगदेवी फोनवर सांगते. समाधानानं सांगते. बंडप्पानं मात्र ती होडी पालथी घालून ठेवलीय. दुरुस्तीला आलीय, असं सांगतो.

मी अण्णांना म्हणालो, झाला असेल भास. ऊन होतं, भीती होती.

अण्णांनी हाताची बोटं आडवी धरून दाखवली, एक, अडीच, चार.

मग म्हणाले, "हाक मारत हुती ती सखूबाई. ते कळलं. पर सात वर्षं तिच्याजवळ जे गप्प बसून हुतं... ते कोण रे?"