सरावाचा पेशंट

"तो चहा माझा आहे," मी म्हटलं.

माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याच पेनने, माझ्याच कागदावर काहीतरी खरडणाऱ्या माणसाने मान वर केली. आधी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अर्धा झालाय," तो म्हणाला. "उरलेला देऊ... की नको?"

"तुमचा कुठे आहे?"

"तेच शोधतोय. घेतला होता, एवढं नक्की."

त्याचा कप मागच्या खिडकीत सापडला, साय धरलेला. शेजारी त्याचा चष्मा. पुढच्या रांगेत त्याची बॅग. माणूस दारापासून खुर्चीपर्यंत थोडा थोडा सांडत आला होता.

जानेवारीतला रविवार होता. दादरच्या एका हॉलमध्ये आम्ही चाळीसेक फॅमिली डॉक्टर जमलो होतो. पाच रविवारांचा वर्ग, विषय मोठ्या माणसांमधला एडीएचडी. लक्ष न टिकणं, विसरणं, आतून सतत धावपळ... लहानपणी सुरू होतं आणि कित्येकांचं मोठेपणीही जात नाही. ते ओळखायचं कसं, पुढे कुणाकडे पाठवायचं, उपचारात आपला वाटा किती, हे शिकायचं होतं.

खरं सांगायचं तर माझा ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता. लालबागला माझा दवाखाना आहे, आधी बाबांचा होता. "लक्ष लागत नाही" असं कुणी म्हणालं की मी मोबाइल लांब ठेवायला सांगायचे. राजेशलाही तेच सांगितलं होतं. चौतीस वर्षांचा माझा पेशंट, चार वर्षांत तीन नोकऱ्या गेलेला. मी त्याला बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली आणि वेळेवर झोपायचा सल्ला. गणपतीनंतर तो एक कागद घेऊन आला. दुसरीकडे तपासून घेतलं होतं त्याने, एडीएचडी निघाला होता. "डॉक्टर, मी आळशी नव्हतो," एवढंच म्हणाला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मी आले होते. अर्धी अपराधी, अर्धी संशयी.

आणि शेजारी हा... डॉ. हेरंब केळुस्कर. गिरगावात खोताच्या वाडीजवळ दवाखाना. हसला की डाव्या गालाला खळी पडायची. अशा खळ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही.

शिकवणाऱ्या बाई मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्या म्हणाल्या, "संशय घ्या, पण पेशंटला आरोपी करू नका. आधी थायरॉइड, झोप, दारू, उदासी बघा. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत आणि किमान दोन ठिकाणी हवीत, म्हणजे घरीही आणि कामावरही. काही जण नुसत्या उत्तेजक गोळीसाठी येतील. तेही ओळखा."

मग जोड्या लावल्या. एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने पेशंट, आणि आठवड्यातून एकदा भेटून मुलाखतीचा सराव करायचा. शेजारी बसलो होतो म्हणून आमची जोडी. हेरंबला पेशंटची चिठ्ठी आली: बँकेत नोकरी, वय अडतीस.

"गुरुवारी दुपारी तुमच्याकडे येऊ?" त्याने विचारलं.

"दोन ते चार माझा दवाखाना बंद असतो."

"म्हणूनच विचारतोय."

तो आला तीनला दहा कमी असताना. आधी समोरच्या इमारतीचे तीन मजले चढून आला होता म्हणे. माझे कंपाउंडर जयवंतकाका बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी अर्धं शटर वर केलं, त्याला आत घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "डॉक्टरीणबाय, ह्यो माणूस माका सरळ दिसना नाय. शिकलेलो डाक्टर आणि पत्तो गावना नाय?"

मी फॉर्म काढला. "काम संपत आलं की शेवटचा भाग राहून जातो का?"

"नेहमी."

"लहानपणी शाळेत कसे होता?"

तो टेबलावरच्या स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत होता. "सातवीत होतो. वह्या, डबा, छत्री... रोज काहीतरी शाळेतच राहायचं. एकदा आईने शर्टाच्या आत चिठ्ठी टाचली. 'ह्याला सामानासकट घरी पाठवा.' मुलांना ती सापडली. वर्षभर मला सामान म्हणायचे."

खळी कुठेच नव्हती.

"आणि आता कामावर?"

"माझ्या पहिल्या दवाखान्यात तर..."

"बँकेत," मी म्हटलं.

"हो, बँकेत." तो घाईघाईने हसला. "बघा, भूमिकाही विसरलो."

मला तो विसर खरा वाटला नाही. खरं तर जे त्याने आठवून सांगितलं, ते जास्तच खरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी त्याची वाक्यं इंटरनेटवर शोधली. कुठून पाठ केली असतील तर सापडावीत. नाही सापडली.

दुसऱ्या गुरुवारी त्याने गिरगावातून पियूष आणलं. बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं. "थोडं टॅक्सीवाल्यालाही मिळालं," तो म्हणाला. आम्ही उरलेलं दोन ग्लासांत घेतलं. बोलता बोलता चार वाजले, पेशंट शटरबाहेर जमले, आणि फॉर्मवर मी फक्त तारीख घातली होती. त्याचा फोन तीनदा वाजला. पडद्यावर नाव होतं, सुचित्रा. तिसऱ्या वेळी तो बाहेर जाऊन बोलला. "हो गं... आईला एवढ्यात सांगू नकोस."

लग्न झालंय का, हे मी विचारलं नाही. आपण विचारलं तर आपल्याला फरक पडतो असं दिसतं.

तिसऱ्या रविवारी वर्गात बाईंनी सांगितलं की ह्या गोळीने नाडी वाढते, म्हणून औषध सुरू करायच्या आधी नाडी आणि बीपी बघायलाच हवं, हृदयाचा त्रास विचारायलाच हवा. जोडीदाराची नाडी मोजा म्हणाल्या. मी हेरंबचं मनगट धरलं आणि घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं.

"एकशे आठ," मी म्हटलं. "काही घेतलंय का तुम्ही?"

"चहा."

"चहाने एवढी होत नाही."

"नाही ना," तो हळूच म्हणाला. "मलाही तेच वाटतंय."

मी हात काढून घेतला. माझीही नाडी त्या वेळी मोजण्यासारखी नव्हती. पण निघताना जिन्यात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "एखाद्या डॉक्टरने ती गोळी स्वतःलाच लिहिली तर... कळतं का हो कुणाला?"

जिन्यात दादरच्या फुलबाजाराचा ओला वास भरला होता. मी त्याला मागे टाकून भराभर खाली उतरले.

मंगळवारी हिंदू कॉलनीत व्हिजिटला गेले होते. परतताना समोरच्या फुटपाथवर हेरंब दिसला. काखेत जुनी फाइल, बरोबर एक बाई. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली होती, अगदी हक्काने. दोघं एका इमारतीत शिरली. मंगळवारी आपण दिवसभर दवाखान्यातच असतो, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

गुरुवारी तो दोनला पाच कमी असताना आला. वेळेच्या आधी. तेही मला खटकलं.

"ह्यो आज येळेर कसो?" जयवंतकाका पुटपुटले. मी त्यांना जेवून या म्हटलं.

हेरंब बसला. मी फॉर्म काढलाच नाही.

"गोळ्या घेतोस का तू?" 'तुम्ही' कधी सुटलं, कळलंही नाही. "नाडी एकशे आठ. जिन्यातला तो प्रश्न. आज हे वेळेवर येणं. आणि मंगळवारची ती बाई कोण?"

त्याने बॅगेतून फाइल काढून मांडीवर घेतली. पंखा कुरकुरत होता.

"ती सुचित्रा. माझी मोठी बहीण," तो म्हणाला. "गेल्या मे महिन्यात माझ्या टेबलाच्या खणात एका आजोबांचा रिपोर्ट नऊ दिवस पडून राहिला. पोटॅशियम भयंकर वाढलं होतं, हृदय थांबेल इतकं. मी उघडलाच नाही. ठेवला आणि विसरलो. ते वाचले... माझ्यामुळे नाही, सुनेने दुसरीकडे दाखवलं म्हणून. तेव्हापासून ताई रोज संध्याकाळी दवाखान्यात बसते. प्रत्येक रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेते, मगच घरी जाते."

"आणि जिन्यातला प्रश्न?"

"दोनदा प्रिस्क्रिप्शनचं पॅड काढलं होतं. स्वतःचं नाव लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्यांदा फाडलं नसतं, म्हणून ताईला सांगितलं. मंगळवारी तिने मला तपासायला नेलं. माझ्या लहानपणाचं तिनेच सांगितलं सगळं, आई रडली असती. निदान झालं. गोळी काल सुरू झाली. रविवारी माझ्या अंगात फक्त चहा होता, मृणालिनी."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. तिथे थांबायला हवं होतं मी.

"कागद आहे?" मी विचारलं.

त्याने फाइल पुढे सरकवली. मी वाचली. तारीख बघितली, सही बघितली, शिक्का बघितला.

"तपासलंस?"

"हो."

"बरं वाटलं?"

मी फाइल मिटली. तो उठला, फाइल घेतली, चष्मा घेतला, बॅग घेतली. पहिल्यांदाच काहीही न विसरता गेला. मी टेबलाखाली, बाकावर, शटरपाशी सगळीकडे शोधलं. फोन करायला काहीतरी निमित्त हवं होतं.

चौथ्या रविवारी तो आला नाही. बाई काय शिकवत होत्या ते माझ्या कानात शिरलं नाही. एकच दिसत होतं. राजेश कागद घेऊन आला होता तेव्हाही मी आधी सही आणि शिक्काच बघितला होता.

सोमवारी सकाळी आधी राजेशला फोन केला. "चार वर्षं मी तुमचं ऐकलं नाही, माझी चूक होती," म्हटलं. तो म्हणाला, "डॉक्टर, बीपीसाठी तुमच्याकडेच येतो ना अजून. चालेल ना?"

संध्याकाळी लालबागचा दवाखाना लवकर बंद केला आणि गिरगावात गेले. हेरंबच्या बाकावर सात पेशंट होते. दारातल्या छोट्या टेबलाशी तीच बाई, सुचित्रा, रिपोर्टांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन.

"नाव?"

"मृणालिनी तोरस्कर."

तिने चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. "आठवा नंबर," ती म्हणाली. "आणि लवकर आत सोडणार नाही हं. गुरुवारी जेवला नव्हता तो."

मी पाऊण तास बसले. आत गेले तेव्हा तो खाली मान घालून लिहीत होता.

"बसा. काय त्रास होतोय?"

"संशय येतो."

पेन थांबलं. त्याने वर बघितलं नाही. "किती दिवसांपासून?"

"बाराव्या वर्षाच्या आधीपासून. बाबांनी बाहुली आणली तेव्हा मी विचारलं होतं, ही खरंच माझ्यासाठीच आणली का?"

"किती ठिकाणी?"

"घरी आणि कामावर. आता... तिसऱ्या ठिकाणी पण." मी खुर्ची पुढे ओढली. "हेरंब, तू मला सगळ्यांत खरी गोष्ट सांगितलीस आणि मी शिक्का तपासला. मला माफ कर."

आता त्याने वर बघितलं. हसला नाही. पण वहीच्या कडेवर रेघा मारणारं बोट स्थिर झालं.

"शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर मुलाखत घ्यायची आहे आपल्याला," तो म्हणाला. "मी बँकेतला होणार नाही. हेरंब म्हणूनच बसणार. विचारशील प्रश्न?"

"पेशंट कमी झाले तर? बातमी गिरगावात पोहोचायला एक दिवस लागणार नाही."

"माहितीये." त्याने पेनला टोपण लावलं. "तरी विचारशील?"

शेवटच्या रविवारी हॉलमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. मी पहिला प्रश्न विचारला आणि हेरंब चाळीस डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "चिठ्ठीत बँक लिहिली होती. पण हे माझंच आहे."

कुजबुज झाली. एकाने मोबाइल खाली ठेवला. शर्टाची चिठ्ठी, खणातला रिपोर्ट, फाडलेलं पॅड, हेरंबने काहीच गाळलं नाही. मी फॉर्म गुडघ्यावर दाबून धरला. मागून एक जण म्हणाला, "मग असल्या डॉक्टरकडे पेशंटने जायचं का?"

"बहीण शेजारी असेल तर जायचं," हेरंब म्हणाला. "आणि ज्यांना स्वतःचं माहीतच नाही अशांकडे... ते तुम्ही ठरवा."

कुणी हसलं नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक वयस्कर डॉक्टर उठले, परळचे, सीताराम नावाचे. केस पूर्ण पांढरे. "बाई," त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "एकसष्टाव्या वर्षी तपासून घेतलं तर उशीर झाला म्हणायचं का?"

बाई त्यांच्याकडे चालत गेल्या. "नाही हो," म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फुलबाजाराकडच्या फुटपाथवर शेवंतीच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. आम्ही अंतर ठेवून चालत होतो, आणि ते अंतर आपोआप कमी होत होतं.

"एक सांगते," मी म्हटलं. "तुझी डॉक्टर मी कधीच होणार नाही. तुझी गोळी, तुझा डोस, तुझा कागद... काही बघणार नाही."

तो थांबला. चेहरा उतरला. "म्हणजे नाही तर."

"म्हणजे डॉक्टर नाही."

"मग?"

"मग काय ते तू विचार ना. सगळे प्रश्न मीच का विचारायचे?"

मागून हातगाडीवाला बाजूला व्हायला सांगत होता. हेरंब तिथेच उभा. खळी पडली, गेली, पुन्हा पडली.

"माझ्याबरोबर राहशील?" त्याने विचारलं. "मी विसरेन. उशिरा येईन. खोटं मात्र बोलणार नाही. मंगळवारचं बोललो, तेवढंच."

सवयीने मी त्याच्या डोळ्यांत काहीतरी शोधायला लागले. मग शोधायचं सोडून नुसतं बघितलं.

"हो," मी म्हटलं.

"नक्की? परत विचारू?"

"विचार."

हातगाडीवाला कंटाळून आम्हाला वळसा घालून गेला. हेरंबने परत विचारलं.