गच्चीवरून दिसलेले हात

"माझ्या नवऱ्याला मी मारलं का, एवढंच मला शोधून द्या," ती दारातूनच म्हणाली.

भाऊजींच्या कपातला चहा बशीत सांडला. वहिनींकडे यायची ती प्रकरणं चोऱ्यामाऱ्यांची, पळून गेलेल्या नवऱ्यांची. बाईमाणसाने खासगी तपासाचा धंदा काढला म्हणून नाकं मुरडणारे लोकच मागल्या दाराने यायचे. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, पोस्टातून निवृत्त झालेले. वहिनींच्या डोक्याचा वेग आपल्याला झेपत नाही, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

"आधी बस," वहिनी म्हणाल्या. "आणि नीट सांग."

नवरा लढाऊ वैमानिक व्हायला शिकत होता. गेल्या आठवड्यात तो शिक्षकाबरोबर उडाला आणि विमान तिच्याच घरामागच्या माळावर कोसळलं. तो जागीच गेला, शिक्षक वाचला. युद्धाच्या धामधुमीत चौकशी झटपट उरकली. बायकोला दिसावं म्हणून शिकाऊ वैमानिकाने विमान नको तितकं खाली आणलं, असा निकाल लागला.

"मीच म्हणाले होते हो, एकदा आपल्या गच्चीवरून जा म्हणून. चेष्टेत!" तिचा आवाज फुटला. "आणि ते आले. अगदी खाली, जराही आवाज न करता. मी हाक मारली. त्यांनी मला बघून दोन्ही हात वर केले, मीही केले. मग इंजिन खोकल्यासारखं वाजलं आणि..."

सासूने बोलणं टाकलं होतं.  हो की नाही ते कळलं नाही तर मी जगत नाही, असं ती इतक्या साधेपणाने म्हणाली की भाऊजींनी कप खाली ठेवला.

वहिनी आणि भाऊजी तिच्या घरी गेले, तेव्हा सासूने दार अर्धंच उघडलं.

"हिने बोलावलं, तो गेला. आणखी काय शोधायचंय?"

"शेवटचं तुम्ही पाहिलंत ना त्याला?" वहिनींनी विचारलं.

म्हातारीचा ताठा उतरला. "त्याचं अंग मीच पुसलं. काही धड नव्हतं हो. हात तेवढे जसेच्या तसे, ओरखडासुद्धा नाही. झोपलेल्या लेकरासारखे."

तिथून दोघं विमानतळाच्या तारेच्या कुंपणाशी गेले. आत वर छत नसलेल्या एका उभ्या विमानात पुढे शिकाऊ पोरगा, मागे शिक्षक. शिक्षकाने खांद्यावर थाप मारली की पोरगा झटकन दोन्ही हात डोक्यावर नेई. पुन्हा थाप, पुन्हा हात वर.

"गृहपाठ विसरला वाटतं," भाऊजी म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. कुंपणापाशी बिडी ओढणाऱ्या मेकॅनिकला त्यांनी विचारलं, "तो घरांमागचा माळ तुमच्या काही कामाचा?"

"हो की. वर इंजिन बंद पडलं तर उतरायचं कसं, त्याचा सराव तिथेच होतो."

वाचलेला शिक्षक इस्पितळात होता. वय कोवळंच, पण डोळे खोल गेलेले. उजवा हात प्लास्टरमध्ये.

"हाताचं काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"अंगठा, मनगट, सगळ्याचा चुरा."

"विमान कोण चालवत होतं?"

"तो. बायकोला हात करायला गेला. चौकशीत सांगितलंय मी," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी सासू-सुनेला घेऊन त्याच खाटेपाशी आल्या. सुनेने भाऊजींची बाही घट्ट धरली होती.

"मिरवायला आलेलं पोरगं इंजिन गर्जवत येतं," वहिनींनी सुरुवात केली. "हे विमान आवाज न करता आलं. इंजिन मुद्दाम मंद केलं होतं, कारण माळावर उतरायचा सराव चालला होता. सराव कुठे आणि कधी, ते ठरवतो शिक्षक. दुसरं, आपटताना जो विमान चालवायचा दांडा घट्ट धरून असतो, त्याचा हात मोडतो. मुलाच्या हातांवर ओरखडा नाही. तुमच्या मनगटाचा चुरा झाला."

"पण ते वर केलेले हात?" भाऊजींना राहवेना.

"काल पाहिलेत ना, भाऊजी? वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही. खांद्यावर थाप पडली की ताबा शिक्षकाचा. मुलाने हात वर करून दाखवायचं, की मी सोडलं. त्याने सोडलं होतं. विमान ह्यांच्या हातात होतं."

 शिक्षक लहान मुलासारखा रडायला लागला.

"रोज उजाडल्यापासून उडतोय. आघाडीवर मुलं हवीत, अजून पाठवा, अजून पाठवा! कुठवर खाली यायचं ते मी सांगायचं, आणि माझाच डोळा लागला. दचकून उठलो, ताबा घेतला, विमान वर ओढलं. इंजिनाने साथच दिली नाही. चौकशीत साहेबांनीच विचारलं, तो बायकोला हात करत होता का? शेजाऱ्यांनी तसं सांगितलं होतं. मी हो म्हणालो."

"उद्या साहेबांपुढे 'नाही' म्हणाल?" वहिनींनी विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली. भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. पोरगी सुटली, त्यांना वाटलं.

"म्हणजे," सुनेने हळूच विचारलं, "ते हात मला नव्हते?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. या एका वेळी तरी खोटं बोला, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

"नाही गं," वहिनी म्हणाल्या.

"त्यांनी मला पाहिलंच नाही?"

"बहुतेक नाही."

ती मटकन खाली बसली. "मग दोष राहू दे माझ्यावर. पण हात मलाच केला होता म्हणा. माझ्याकडे तेवढंच आहे त्यांचं."

 सासू कष्टाने उठली आणि सुनेशेजारी फरशीवर बसली.

"बाहेर खरं तेच लिहू देत," ती म्हणाली. "घरात आपण दोघी, तुलाच केला असं म्हणू."