हरण्याची चैन

२०६१ सालच्या श्रावणात कोल्हापुरात कुणालाच कसली चिंता नव्हती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती ज्यात बसवतात ते हत्तीएवढे लोखंडी तुंबे ओतून बाहेर पडत होते. सराफकट्ट्यावर गर्दी होती, नव्या गाड्यांसाठी लोक चार-चार महिने थांबत होते. आणि नेमक्या त्याच वेळी यमुना चौगुले यांचे खेळ विकले जाईनासे झाले.

यमुनाताईंची ‘भिंगरी’ ही कंपनी देशात नावाजलेली होती. तेवीस वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत त्यांनी ती सुरू केली, तेव्हा व्हिडिओ गेम पडद्यावर खेळत. आता पडदा गेला होता आणि कंठी आली होती. कंठी म्हणजे गळ्यात घालायची बोटभर रुंदीची पट्टी. ती मानेतल्या मज्जातंतूंना हलकेच चाळवते आणि घरात बसलेल्या माणसाला आपण कड्यावर चढतोय, महापुरात पोहतोय असं वाटू लागतं. पाय घसरला तर पोटात गोळा येतो. हरलं तर खरोखरचं वाईट वाटतं, आणि तरीही माणूस पुन्हा कंठी घालतो.

घालायचा, असं म्हणायला हवं. कारण सहा आठवड्यांत विक्री चाळीस टक्क्यांनी घसरली होती.

“मंदी असती तर मी समजू शकलो असतो,” संचालक मंडळाच्या बैठकीत जयदीप मांगलेकर म्हणाला. कंपनीत सर्वांत मोठा वाटा त्याचा होता. “मंदीत लोकांच्या हातात पैसा नसतो, ते खेळ घेत नाहीत. सरळ आहे. पण आत्ता? लोक सोनं घेतायत, गाड्या घेतायत. फक्त आपले खेळ घेत नाहीत. याचा अर्थ आपले खेळ तरी शिळे झालेत, किंवा...”

पुढचं त्यानं बोलायचं टाळलं, पण यमुनाताईंना ते नीट ऐकू आलं. त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. दिवाळीपर्यंत विक्री सावरली नाही तर खुर्ची सोडायची, असं ठरूनच बैठक संपली.

अपमान गिळून त्या कामाला लागल्या. भिंगरीचे पाच खेळ फुकट मिळत. यमुनाताईंनी आधी त्यांची नोंद काढली, आणि त्या चक्रावल्याच. फुकटचे खेळही लोकांनी टाकले होते. इतर कंपन्यांचीही तीच गत होती. मालिका मात्र लोक पूर्वीपेक्षा जास्त पाहत होते. म्हणजे वेळ होता, पैसाही होता, खेळायची इच्छाच तेवढी गेली होती.

डॉ. फरीदा मुजावर यांचं नाव त्यांना अशा वेळी आठवलं. फरीदा प्राणिवर्तनशास्त्रज्ञ होत्या. पंधरा वर्षं दाजीपूरच्या जंगलात बसून त्या वानरांच्या पिल्लांचा खेळ मोजत होत्या. कुठलं पिल्लू किती वेळ उड्या मारतं, कितीदा खोटं खोटं भांडतं, एवढंच. असल्या कामाला पैसे कोण देतं, असं विद्यापीठातले लोक मागून म्हणत. यमुनाताई दुसऱ्याच दिवशी सकाळी दाजीपूरला पोचल्या.

फरीदांनी सगळं ऐकून घेतलं. दुर्बीण खाली ठेवली आणि विचारलं, “तुमच्या खेळात लोक सगळ्यात जास्त काय करतात?”

“जिंकायला बघतात.”

“ते झालं बघणं. करतात काय?”

“हरतात. एकदा जिंकण्याआधी वीस वेळा हरतात.”

“माझी पिल्लंही तेच करतात. मुद्दाम पडतात, मुद्दाम लहानग्याच्या तावडीत सापडतात. पडल्यावर आई उचलून घेईल, पोटाला मिळेल, अशी ज्याला खात्री असते तेच पिल्लू पडायचा खेळ खेळतं. खेळ म्हणजे हरण्याची चैन आहे, ताई. खरोखरच काही हरावं लागणार असं वाटायला लागलं, की जीव पहिल्यांदा ही चैन सोडतो.”

“पण लोकांना कुठं असं वाटतंय? तेजी आहे!”

“वानरांना तरी कुठं माहीत असतं? झाडं हिरवीगार असतात, तेव्हाच पिल्लांचा खेळ थांबतो. सहा-आठ आठवड्यांनी चारा संपतो. मी हे चार वेळा पाहिलंय. पिल्लू काही भविष्य पाहत नाही. पानाची चव जराशी उतरलेली असते. दूध किंचित कमी झालेलं असतं. आई रोजच्यापेक्षा चार झाडं पुढे जाऊन खात असते. यातली एकेक गोष्ट अगदीच बारीक, पण शरीर त्यांची बेरीज करत असतं. माणसाचंही करतं. मी तिला अंतर्बेरीज म्हणते. मनाला न कळवता शरीरानं मांडलेला हिशोब.”

“म्हणजे मंदी आली म्हणून खेळ पडत नाहीत...”

“खेळ आधी पडतात. मंदी मागून येते. आजवर हे दिसलं नाही, कारण खेळाचे आकडे नेहमी उशिरा, गोळा होऊन यायचे. तुमच्याकडे पंधरा लाख माणसांच्या खेळाची रोजची नोंद आहे. माझ्याकडे फक्त साठ वानरं.”

परतीच्या वाटेवर यमुनाताईंना वेगळीच टोचणी लागली. ही नोंद खेळ सुधारण्यासाठी ठेवलेली होती. लोकांनी भिंगरीला खेळायला घरात घेतलं होतं, पाळत ठेवायला नव्हे. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, की नाव नाही, घर नाही, फक्त गावागावाची आणि वॉर्डावॉर्डाची एकूण बेरीज पाहायची. त्यांनी नकाशा मांडला आणि जिथं खेळ थांबला होता तिथं काळा रंग दिला.

गडहिंग्लज स्वच्छ होतं. पन्हाळा स्वच्छ होता. काळोख होता तो शिरोलीभोवती, गोकुळ शिरगावभोवती, आणि फौंड्रीतली माणसं राहतात त्या प्रत्येक गल्लीत.

फौंड्री मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष दौलतराव शिंत्रे हे सत्तरीतले, आवाजानं छप्पर हलवणारे गृहस्थ. त्यांनी नकाशा पाहिला आणि हसून बाजूला सारला. “यमुनाताई, पोरं खेळंनात म्हणून मी भट्ट्या बंद करू व्हय?”

“बंद करू नका, दादा. फक्त एक सांगा. तुमच्या तुंब्यांची पुढची ऑर्डर वेळेवर आली का?”

दौलतरावांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांचा हात मिशीवरून खाली आला. “पंधरा दिवस पुढं गेलीय. त्यात काय? होतं असं. माझ्या एकट्याचीच गेलीय.”

“एकट्याचीच कशावरून?”

“दुसऱ्याला विचारायचं कसं? उद्या बाजारात बोंब होईल, बँका दार लावून घेतील.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. पण ओव्हरटाइम कमी केलात ना? कच्चा माल अर्धाच उचलला असेल. कामगारांना घरचं बरंय का म्हणून विचारायला लागला असाल. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही, पण त्यांच्या शरीरानं बेरीज केली.”

दौलतरावांनी बाजूला सारलेला नकाशा पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी फोन उचलला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बंद सभागृहात त्रेचाळीस फौंड्री मालक जमले. एकमेकांचे हाडवैरी, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे. यमुनाताईंनी नकाशा दाखवला, फरीदांनी वानरांची गोष्ट सांगितली. कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं. तेव्हा दौलतराव उठले. “माझी ऑर्डर पुढं गेलीय,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “ज्याची ज्याची गेलीय त्यानं हात वर करावा. आज खोटं बोललात तर दिवाळीला कामगारांच्या दारात जाऊन तुम्हीच खरं सांगा.”

एक हात वर झाला. मग तीन. मग सभागृहात इतके हात वर झाले की मोजायची गरजच उरली नाही. सगळ्यांकडून तुंबे घेणाऱ्या पवनचक्क्यांच्या एकाच परदेशी कंपनीनं प्रत्येकाला स्वतंत्रपणे, गोड शब्दांत, थोडं थोडं थांबवलं होतं. ती आतून पोखरली होती.

पुढचे दहा आठवडे कोल्हापूर जे राबलं ते सांगायला वेगळं पुस्तक लागेल. चढत्या समुद्राचं पाणी उपसण्यासाठी किनाऱ्यावरची शहरं दोन वर्षं मोठे पंप मागत होती, पण तुंब्यांच्या धंद्यापुढे त्यांना कुणी विचारत नव्हतं. आता मालक एकत्र त्यांच्या दारी गेले. ज्यानं पंपाचा साचा आधी बनवला त्यानं तो शेजाऱ्याला दिला. असं त्या शिरोलीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती परदेशी कंपनी बुडाली. देशभरात तिच्यावर विसंबलेल्या गावांत कारखान्यांना कुलपं लागली. कोल्हापुरात मात्र एकही भट्टी थंड झाली नाही. त्या संध्याकाळी दौलतराव भिंगरीच्या कचेरीत पेढे घेऊन आले आणि एवढा मोठा माणूस दारातच रडला. जयदीप मांगलेकर आपल्या खुर्चीवरून उठला. “ताई, माझं चुकलं,” म्हणाला. खेळ शिळे झाले नव्हते, हे त्यालाही आता दिसत होतं. संक्रांतीपर्यंत नकाशावरचा काळा रंग पुसट झाला. लोक पुन्हा कड्यांवरून पडू लागले, हसू लागले, पुन्हा चढू लागले. कोल्हापुरात कधी नव्हे एवढी विक्री झाली.

मग शोधाचा बोलबाला झाला. शासनानं या मोजमापाला ‘क्रीडांक’ असं नाव दिलं. गावोगावचा क्रीडांक रोज जाहीर होऊ लागला. तो उतरला की मदत आधी पोचू लागली आणि पुढच्या दीड वर्षात तीन जिल्हे मंदीच्या तोंडातून सुखरूप बाहेर निघाले. यमुनाताई आणि फरीदा यांचा जाहीर सत्कार ठरला. त्या दिवशी राज्याचा क्रीडांक आजवरचा सर्वांत उंच आकडा गाठून बसला होता. सभागृह टाळ्यांनी दणाणत होतं. हारांनी यमुनाताईंची मान अवघडली होती आणि आयुष्याचं सोनं झालं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई गर्दीतून पुढे आली. नाव शालन कांबळे, नवरा शिरोलीच्या फौंड्रीत साचेकामावर. तिनं यमुनाताईंचे दोन्ही हात धरले.

“ताई, तुमच्यामुळं आमची चूल पेटती राहिली. आम्ही विसरणार नाही.” मग तिचा आवाज खाली आला. “एक विचारू का? राग धरू नका. हे खेळायचं थांबवायचं कधी?”

“म्हणजे?”

“आमच्या वॉर्डाचा आकडा उतरला तर बँक कर्ज अडवते. फौंड्रीला काम मिळत नाही. म्हणून रोज तासभर खेळायचंच, असं सुपरवायझरनं सांगितलंय. हे पाळीवरून येतात, घास पोटात जातो न जातो तोच कंठी घालतात. सगळ्यात सोपा खेळ लावतात, पटकन जिंकतात, पुन्हा लावतात. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यासुद्धा खेळतात. गेल्या महिन्यात आमचे दीर गेले. दहाव्याच्या दिवशीही आम्ही सगळी खेळलो.”

मागे कुणीतरी विक्रमी आकड्याबद्दल फोटो काढायला हाका मारत होतं. यमुनाताईंना त्या हाका ऐकूच आल्या नाहीत. त्यांनी शालनच्या खांद्यावर हात ठेवला.

“आज नका खेळू,” त्या म्हणाल्या. “मी सांगते ना. आज घरातल्या कुणीच खेळू नका.”

शालननं घाबरून आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, याची खात्री करून घेतली, आणि हात सोडवून ती झपाझप घराकडे निघाली. खेळायची वेळ होत आली होती.