ताई सकाळीच गेल्या

चष्म्याचं दुकान सुरू केल्यापासून ताईंनी आठवड्याच्या मधल्या वारी कधी कुलूप लावलं नव्हतं. पण आदल्या दिवशी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. तापानं आवाज पार खोल गेलेला.

"ताई, येऊन घेऊन जा गं मला. इथं एकट्यानं पडवत नाही."

भाऊ सरहद्दीवरच्या एका आडगावात, नाक्यावरच्या वजनकाट्यावर कामाला होता. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक जीप त्या काट्यावर थांबायची आणि हा खिडकीत बसून वजन बघायचा. लग्न झालेलं नाही, जवळचं माणूस म्हणजे ही ताईच. मग काय! लेकीला गॅसपासून बाबांच्या डब्यापर्यंत सगळं बजावून ताईंनी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली.

गाडी रमतगमत चालली होती. मधल्याच एका ओसाड स्टेशनात क्रॉसिंगसाठी ती बराच वेळ खोळंबली. समोरून आलेली गाडी शेजारच्या रुळावर येऊन थांबली. ताईंनी उगाच तिच्या खिडक्यांकडे पाहिलं. सगळ्या उघड्या, फक्त बरोबर समोरची तेवढी बंद. मग ती गाडी निघून गेली.

शेवटच्या स्टेशनावरून पुढे जीप. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, ना झाड ना घर. गावात पोचल्या तेव्हा दुपार कलत होती. एकच गल्ली, दोन्हीकडे गोदामांची पत्र्याची दारं, आणि डिझेल आणि ओल्या पोत्यांचा कोंदट वास. भर दिवसा गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

भावाच्या घरमालकिणीनं दार उघडलं. ताईंना पाहताच तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अगं बाई! परत आलात? काही राहिलं का?"

"परत? मी आत्ताच येतेय. ताप कसा आहे त्याचा?"

 घरमालकीण दाराची चौकट धरून हळू आवाजात म्हणाली, "चेष्टा करताय का माझी? काल संध्याकाळी आलात. रात्रभर त्याच्या उशाशी बसलात. आणि सकाळीच तर गेलात... त्याला घेऊन."

"कोण गेलं?"

"तुम्हीच. हीच साडी... हाच आवाज."

 तिला बाजूला सारून ताई खोलीत शिरल्या. अंथरूण घडी करून ठेवलेलं. घडी ताईंच्या पद्धतीची, कोपरे आत दुमडलेले. मोरीत दोन कप विसळून पालथे घातलेले. भावाची बॅग नव्हती, चपला नव्हत्या. फोन लावला तर बंद.

सकाळी निघाले म्हणजे... ती शेजारच्या रुळावरची गाडी!  ताई तशाच नाक्याकडे धावल्या.

काट्याच्या खिडकीत भावाचा कामावरचा जोडीदार बसला होता. धिप्पाड गडी, सगळे त्याला पैलवान म्हणत. तो हसून उठला. "काय ताई, गाडी चुकली वाटतं?"

"माझा भाऊ... तुम्ही पाहिलंत त्याला जाताना?"

"म्हणजे काय, मीच तर हात केला. तुम्ही दोघं मागं बसला होतात." बोलता बोलता त्याचं हसू मावळलं. "आता विषय निघालाच म्हणून सांगतो. काट्याला काय झालंय कळेना. जीपचं वजन आलं ते गाडी आणि ड्रायव्हर, एवढंच. मागं कुणी नसल्यागत. मी तिला माघारी घेऊन पुन्हा चढवलं. तेवढंच. नंतर आलेल्या सगळ्या गाड्या बरोबर दाखवतोय मात्र."

ताईंना पुढचं ऐकू आलं नाही. त्यांनी घरी फोन लावला. लेकीनं उचलला.

"हॅलो? कोण?"

"अगं मी, आई! मामा आलाय का घरी?"

 लेक कुजबुजली, "आई तर आत आहे. मामाजवळ... कोण बोलतंय?"

"ऐक माझं. आत जाऊ नकोस. बाहेर पड आधी, शेजारच्या काकूंकडे—"

तेवढ्यात लांबून, घराच्या आतल्या बाजूनं आवाज आला. आधी घसा खाकरल्याचा, मग बोलण्याचा. ताई स्वतः खाकरतात तस्सा.

"कुणाचा फोन आहे गं?"

आणि फोन कट झाला.

परतीचा प्रवास ताईंनी कसा केला, ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. सकाळी घरी पोचल्या तर दारात लेक आणि तिचे बाबा. लेकीनं गळ्यात पडायच्या आधी आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. फोन कट होताच ती शेजारच्या काकूंकडे पळाली होती. बाबांना बोलावून सगळे मिळून घरात गेले, तर आत बाई नव्हती. मामा तेवढा गाढ झोपलेला. अंगात ताप नावाला नाही.

भावाला काही आठवत नव्हतं. "तूच तर आणलंस मला," एवढंच म्हणायचा. ताईंनी पुढे विचारणं सोडून दिलं. जिवानिशी घरी आला, आणखी काय पाहिजे! तो चांगला जेवू लागला, अंगानं भरला. लेकीला हसवायचा, दुकानात ताईंबरोबर बसायचा. घराला हळूहळू झोप लागू लागली.

आणि एका सकाळी, तो आरशासमोर दाढी करत असताना, ताईंचा फोन वाजला. सरहद्दीवरची घरमालकीण होती.

"ताई, रागावू नका, पण त्याला असं एकट्याला परत कसं हो पाठवलंत?"

"कुणाला?"

"तुमच्या भावाला. खोलीत पडलाय. अंग नुसतं भाजतंय. कधी आला, कसा आला, काही सांगत नाही. एकच धोशा लावलाय... ताई अजून का आली नाही?"

फोनमध्ये तिच्या मागून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग तापानं पार खोल गेलेला आवाज आला. "ताई... तू येतेयस ना?"

ताईंनी मान वर केली. आरशासमोर दाढी करणाऱ्याचा हात थांबला होता. तो वळला नाही. आरशातूनच त्यांच्याकडे बघत त्यानं अगदी मायेनं विचारलं,

"कुणाचा फोन आहे गं?"